मॅनाटीचा माग: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

फ्लोरिडाच्या नद्यांत आणि किनाऱ्यावरील उथळ पाण्यात राहणाऱ्या मॅनाटी या सस्तन प्राण्याविषयी गेल्या अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. साधारण तीन मीटर लांब, चार-पाचशे किलो वजनाचा आणि पूर्णपणे शाकाहारी असलेला हा प्राणी कुठे हिंडतो, कुठे थांबतो याचा अभ्यास उपग्रहांच्या साहाय्याने होतो, एवढाच उल्लेख त्यात होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

गडहिंग्लज येथील एक शिक्षिका विचारतात: वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवतात हे आमच्या मुलांनाही ठाऊक असते. मॅनाटीच्या चित्रात मात्र मला मानच दिसत नाही. मग यंत्र बसवतात तरी कुठे, आणि पाण्याखालून त्याचा संदेश वर कसा येतो?

आपले निरीक्षण अगदी नेमके आहे. उंदरापासून जिराफापर्यंत बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या मानेत सात मणके असतात. मॅनाटीच्या मानेत सहाच असतात आणि डोके थेट धडात मिसळलेले असते. गळ्यात पट्टा घातला तर तो क्षणात निसटून जाईल. यंत्र अंगाला चिकटवावे म्हटले तर तेही जमत नाही. आपल्या कोकणात जानेवारी 2022 मध्ये वेळास आणि आंजर्ले येथे ‘प्रथमा’ आणि ‘सावनी’ या ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर उपग्रह टॅग चिकटवण्यात आले, कारण कासवाला टणक कवच असते. मॅनाटीच्या कातडीचा वरचा थर सतत निघत असतो आणि तिच्यावर शेवाळही वाढते. अशा अंगावर कोणताही डिंक टिकत नाही.

उरते ती शेपटी. मॅनाटीची शेपटी वल्ह्याच्या पात्यासारखी गोल आणि पसरट असते आणि तिच्या अलीकडे शरीराचा भाग निमुळता झालेला असतो. या निमुळत्या भागाभोवती पट्टा बसवतात. मागचे पाते रुंद असल्यामुळे तो घसरत नाही.

आता पाण्याचा प्रश्न. रेडिओ लहरी गोड्या पाण्यातून काही अंतर पार करू शकतात. त्यामुळे 1980 च्या सुमारास फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीत पट्ट्यातच ट्रान्समीटर बसवून काम भागत असे. खाऱ्या पाण्यात मात्र या लहरी जवळजवळ लगेच शोषल्या जातात आणि प्राणी समुद्राकडे वळला की यंत्र मुके होते. यावर जो उपाय निघाला तो साधा आहे: यंत्र पाण्याबाहेर ठेवायचे आणि प्राण्याला पाण्यात राहू द्यायचे. शेपटीच्या पट्ट्याला नायलॉनची लवचिक काठी जोडतात आणि तिच्या दुसऱ्या टोकाला हातभर लांबीचे, तरंगणारे नळकांडे असते. रंकाळ्यात पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला पूर्वी वाळका भोपळा बांधत, तसे हे नळकांडे मॅनाटीच्या मागे पाण्यावर डुलत असते. फरक एवढाच की ते प्राण्याला तरंगवत नाही, स्वतःची अँटेना तेवढी हवेत उभी ठेवते. नळकांड्यात जीपीएस, उपग्रहाकडे संदेश पाठवणारा ट्रान्समीटर आणि जवळून शोध घेण्यासाठी साधा रेडिओ ट्रान्समीटर असतो. पट्ट्यामध्ये एक वेगळे यंत्र असते, ते माणसाला ऐकू न येणारे ध्वनिसंकेत सोडते. पाण्यात रेडिओ लहरी हरतात, पण ध्वनी लांबवर जातो. त्यामुळे नळकांडे तुटून गेले तरी होडीतून हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारे यंत्र, पाण्यात सोडून प्राण्याचा शोध घेता येतो.

उपग्रहाद्वारे मॅनाटीचा माग काढण्याची सुरुवात 1980 च्या दशकाच्या मध्यास झाली. त्यासाठी वापरली गेलेली अर्गोस ही यंत्रणा 1978 पासून कार्यरत आहे. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह डोक्यावरून जाताना टॅगच्या संदेशाची वारंवारिता किंचित बदललेली भासते आणि त्या बदलावरून टॅगचे ठिकाण काढले जाते. या पद्धतीत शेकडो मीटरची, कधी त्याहूनही अधिक चूक संभवते. पुढे टॅगमध्ये जीपीएस आले आणि ही चूक काही मीटरांवर आली. ‘प्राणी या खाडीत आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘प्राणी खाडीच्या पूर्व काठावरच्या गवतात आहे’ असे म्हणता येऊ लागले, आणि अधिवासाचा अभ्यास करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

इचलकरंजीचे एक वाचक विचारतात: शेपटीला असे लटांबर बांधून फिरताना त्या मुक्या जिवाचे हाल होत नसतील का? ते कुठे अडकले तर?

अडकतेच. खारफुटीची मुळे, खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोऱ्या, बंदरातले खांब अशा अनेक ठिकाणी ते अडकू शकते. म्हणून या सगळ्या जोडणीत एक दुवा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. काठी अडकली आणि प्राण्याने जोर लावला की तो दुवा तुटतो. नळकांडे मागे राहते आणि प्राणी पुढे जातो. पट्ट्यातही गंजून झिजणारा भाग असतो, त्यामुळे कोणी पुन्हा पकडायला गेले नाही तरी पट्टा कालांतराने आपोआप गळून पडतो. संशोधकाच्या बाजूने पाहिले तर हा तोट्याचा सौदा आहे, कारण महागडे यंत्र ऐन मोसमात हातचे जाते आणि नोंदींची साखळी मध्येच तुटते. आमच्या मते या सबंध पद्धतीतील सर्वांत शहाणपणाचा भाग हाच आहे. ज्या टॅगमधून प्राणी सुटू शकत नाही, तो टॅग लावूच नये.

पट्टा बसवण्यासाठी प्राणी जाळ्याने पकडावा लागतो आणि त्या वेळी पशुवैद्य हजर असतात. श्वासाकडे लक्ष ठेवणे, अंग सतत ओले राखणे, वजन-माप घेणे, रक्ताचा नमुना घेणे ही कामे झटपट उरकून प्राण्याला सोडतात. सरकारी परवानगीवाचून हे कोणालाही करता येत नाही.

टॅग निसटण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘चेसी’ नावाच्या नराचे आहे. 1994 च्या उन्हाळ्यात तो फ्लोरिडापासून फार उत्तरेस, चेसापीक उपसागरात दिसला. थंडी सुरू होऊनही तो परतेना, तेव्हा त्याला पकडून विमानाने फ्लोरिडात आणले आणि टॅग लावून सोडले. पुढच्याच वर्षी तो पुन्हा उत्तरेकडे निघाला आणि थेट ऱ्होड आयलंडपर्यंत पोहोचला. परतीच्या वाटेवर कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ त्याचा टॅग निखळला आणि नकाशावरची रेघ तेथेच थांबली. चेसी मात्र थांबला नव्हता. 2011 मध्ये तो मेरीलँडच्या पाण्यात पुन्हा दिसला आणि अंगावरच्या जुन्या व्रणांवरून त्याची ओळख पटली. 2021 मध्ये फ्लोरिडात तो आजारी अवस्थेत सापडला, उपचारांनी बरा झाला आणि पुन्हा पाण्यात सोडला गेला. 1994 साली त्याला ‘वाट चुकलेला’ समजून उचलून आणले होते. पुढच्या वर्षीच्या टॅगने दाखवले की त्याला वाट चांगलीच ठाऊक होती.

शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी विचारतो: टॅगमुळे नकाशावर ठिपके मिळतात, हे समजले. पण ठिपक्यांवरून प्राणी त्या जागेचा कशासाठी वापर करतो, हे कसे ठरवतात?

या पत्रांतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

ठिपका फक्त इतकेच सांगतो की अमुक वेळी टॅग अमुक ठिकाणी होता. त्याला अर्थ यायचा असेल तर त्याच्याखाली दुसरे नकाशे ठेवावे लागतात: पाण्याचे तापमान, समुद्री गवताची कुरणे, खोली, गोड्या पाण्याचे स्रोत आणि होड्यांची वर्दळ. मॅनाटीचे जगणे मुख्यतः तीन गोष्टींभोवती फिरते. पहिली ऊब, दुसरी गवत, तिसरी पिण्याचे गोडे पाणी. या तिन्ही गोष्टी एका जागी क्वचितच मिळतात, आणि मॅनाटीचा प्रवास म्हणजे बहुतांशी या तिघींमधल्या येरझाऱ्या असतात.

ऊब सर्वांत निकडीची. देह एवढा अवाढव्य असूनही मॅनाटीच्या शरीरातील चयापचय अतिशय मंद असतो आणि व्हेल किंवा सीलसारखा चरबीचा जाड थर त्याच्याजवळ नसतो. पाण्याचे तापमान 20 अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिले तर तो आजारी पडतो आणि मरूही शकतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर 1986 ते 1998 या काळात 78 मॅनाटींचा टॅग लावून अभ्यास झाला. त्यांतील बहुतेक जण हिवाळ्यात दक्षिणेकडे आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे जात होते, आणि वर्षामागून वर्ष त्याच त्या जागी परतत होते. पिल्लू आईसोबत एक-दोन वर्षे राहते आणि उबदार जागांची वाट तेव्हाच शिकते, असे मानले जाते. म्हणूनच पोरक्या झालेल्या आणि माणसांनी वाढवलेल्या पिल्लाला पाण्यात सोडताना टॅग लावणे विशेष गरजेचे ठरते. त्याला ही वाट कोणी दाखवलेली नसते आणि पहिला हिवाळा ही त्याची खरी परीक्षा असते.

उबदार जागा दोन प्रकारच्या असतात. ब्लू स्प्रिंगसारख्या नैसर्गिक झऱ्यांचे पाणी बारमाही 22-23 अंशांच्या आसपास असते. दुसरा प्रकार औष्णिक वीज केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याचा. फ्लोरिडातील सुमारे 60 टक्के मॅनाटी हिवाळ्यात या दुसऱ्या प्रकारावर विसंबून असतात. येथेच ठिपके फसवू शकतात. वीज केंद्राच्या तोंडाशी ठिपक्यांची दाटी दिसली म्हणून तो उत्तम अधिवास, असा निष्कर्ष उतावळेपणाचा ठरतो. तेथे ऊब आहे, अन्न असेलच असे नाही.

याचे विदारक प्रत्यंतर 2020-21 च्या हिवाळ्यात आले. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील इंडियन रिव्हर लगूनमध्ये सांडपाण्यातून आणि खतांतून आलेल्या पोषकद्रव्यांमुळे सूक्ष्म शेवाळाचे थरच्या थर वर्षानुवर्षे माजत राहिले. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचेनासा झाला आणि समुद्री गवत मोठ्या प्रमाणावर मरून गेले. मॅनाटी नेहमीप्रमाणे कोमट पाण्याच्या जागी आले, पण चरायला काही उरले नव्हते. अन्नासाठी लांब जावे तर वाटेत थंड पाणी. 2021 या एका वर्षात फ्लोरिडात 1,100 हून अधिक मॅनाटी मेले आणि त्यांतील मोठ्या संख्येच्या मृत्यूमागे उपासमार होती. पुढच्या हिवाळ्यात केप कॅनाव्हेरलजवळच्या वीज केंद्रापाशी त्यांना लेट्यूसची पाने खाऊ घालण्याची वेळ आली. ज्या जागी प्राणी दाटीने दिसतो, तीच जागा त्याच्यासाठी सापळा झालेली असू शकते, हे अधिवासाचा अभ्यास करणाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे.

दुसरी अडचण यंत्राची. प्राणी उथळ पाण्यात चरत असतो किंवा विसावलेला असतो तेव्हा नळकांडे वर राहते आणि ठिपके भरपूर मिळतात. तो खोल पाण्यातून वेगाने निघाला की नळकांडे पाण्याखाली ओढले जाते आणि ठिपके विरळ होतात. परिणामी चराईच्या जागा नकाशावर ठळक दिसतात आणि प्रवासाच्या वाटा पुसट. होड्यांची धडक मात्र बहुधा या वाटांवरच बसते! विश्लेषण करताना ही त्रुटी हिशेबात धरावी लागते.

म्हणूनच ठिपक्यांमागोमाग माणसे पाठवण्याला पर्याय नाही. साध्या रेडिओ संकेताचा माग काढत निरीक्षक होडीतून जातात आणि प्राणी काय खातो आहे, सोबत पिल्लू आहे का, जवळ आणखी किती जण आहेत, याची नोंद करतात. प्राण्याची कातडीसुद्धा काही सांगत असते. मॅनाटी बराच काळ खाऱ्या पाण्यात राहिला की त्याच्या अंगावर बार्नकल हे कवचधारी जीव चिकटतात. गोड्या पाण्यात आल्यावर ते मरून गळतात आणि मागे गोल डाग राहतात. बंदरातल्या एखाद्या धक्क्यापाशी ठिपके पुन्हा पुन्हा का पडतात, हे नकाशावरून उमगत नाही. प्रत्यक्ष गेल्यावर दिसते की तेथे होड्या धुण्याच्या नळीतून गोडे पाणी ठिबकत असते आणि मॅनाटी त्या धारेखाली तोंड धरून असतो.

कागलहून प्रश्न आला आहे: चेसीला व्रणांवरून ओळखले म्हणता, मग टॅगची गरजच काय?

दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत. होडीच्या पंख्याने मॅनाटीच्या पाठीवर समांतर काप पडतात, शेपटीचे तुकडे उडतात आणि जखमा भरल्यावर जे व्रण राहतात ते प्रत्येकाचे वेगळे असतात. फ्लोरिडात अशा छायाचित्रांचा संग्रह अनेक दशके सांभाळला गेला आहे आणि त्यावरून एखादी मादी किती वर्षे जगली, किती वेळा व्याली हेही सांगता येते. टॅग काही महिन्यांची बारकाईची हकीकत देतो, छायाचित्र आयुष्यभराची विरळ हकीकत देते. मात्र प्राण्याची ओळख पटवण्यासाठी त्याच्या पाठीवरच्या जखमा उपयोगी पडाव्यात, यात संशोधकांनाही फारसा आनंद वाटत नसावा. याशिवाय पकडलेल्या प्राण्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, ती पाळीव कुत्र्यांना बसवतात तशीच असते.

राजारामपुरीतील एक वाचक: फ्लोरिडातील झरे काचेसारखे नितळ असतात. पावसाळ्यातल्या पंचगंगेसारखी गढूळ नदी असेल तर काय करतात?

अशा नद्यांत डोळ्यांचा उपयोग होत नाही. मेक्सिकोतील नद्यांत साइड स्कॅन सोनार वापरून पाहिले गेले आहे. होडीच्या दोन्ही बाजूंना ध्वनी सोडून परतलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते आणि त्यात मॅनाटीचा लांबट आकार ओळखता येतो. पाण्याच्या नमुन्यात प्राण्याच्या शरीरातून सुटलेला डीएनए शोधण्याचे तंत्रही आता वापरात आहे. ॲमेझॉनमधील मॅनाटी ही वेगळी जात असून ती आयुष्यभर गोड्या पाण्यातच राहते, त्यामुळे तेथे तरंगते नळकांडे न लावता पट्ट्यातील साध्या रेडिओवरही काम होते. या प्राण्यांची दिनचर्या थंडीवर नव्हे तर पुरावर बेतलेली असते. नदी चढली की ते पाण्याखाली गेलेल्या रानात शिरून भरपूर चरतात, आणि पाणी उतरू लागले की खोल तळ्यांकडे निघतात, कारण उथळ पाण्यात अडकले तर शिकाऱ्याच्या हाती सापडण्याचा धोका असतो.

शिरोळ तालुक्यातील एक शेतकरी विचारतात: मॅनाटी जलपर्णी खातो असे वाचले. मग पंचगंगेत चार-सहा जोड्या आणून सोडल्या तर नदी साफ होणार नाही का?

कल्पना वाटते तितकी विचित्र नाही. दक्षिण अमेरिकेतील गयानामध्ये कालव्यांतील तण खाण्यासाठी मॅनाटी सोडण्याचे प्रयोग झाले होते आणि जलपर्णी ते खरोखरच खातात. हिशेब मात्र जुळत नाही. मॅनाटी दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण 4 ते 9 टक्के चारा खातो, म्हणजे साडेचारशे किलोचा प्राणी 20 ते 40 किलो. अनुकूल परिस्थितीत जलपर्णी दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते, आणि मादीला दोन ते पाच वर्षांतून एकच पिल्लू होते. शिवाय आपल्या नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बरगे घातले की नदीचे तुकडे पडतात. फ्लोरिडातही पाणी अडवणाऱ्या दरवाज्यांत आणि नौकांना कमी-जास्त पातळीच्या पाण्यात नेणाऱ्या दारबंद कप्प्यांत (लॉकमध्ये) चिरडून मॅनाटी मरत आले आहेत आणि त्यासाठी दरवाज्यांना संवेदक बसवावे लागले आहेत. परदेशी प्राणी आणून सोडण्याला कायद्याचीही आडकाठी आहे. आणि पंचगंगेत जलपर्णी फोफावते ती नदीत येणाऱ्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर. ते पाणी नदीत येत राहिले तर मॅनाटी काय, हत्ती आणून सोडले तरी भागणार नाही. इंडियन रिव्हर लगूनमध्ये मॅनाटींना उपाशी मारणारे प्रदूषण याच जातीचे होते.

जयसिंगपूरहून एक वाचक: आपल्या देशात मॅनाटी आहेत का?

नाहीत. मात्र त्यांचा जवळचा नातेवाईक ड्युगाँग आपल्याकडे आहे. मनारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचे आखात आणि अंदमान-निकोबार येथे तो आढळतो. त्याची शेपटी गोल नसून डॉल्फिनसारखी दुभंगलेली असते आणि तो समुद्रातच राहतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे आणि सप्टेंबर 2022 मध्ये तमिळनाडू सरकारने पाल्क उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे ड्युगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले.

ड्युगाँगचा माग काढण्याची एक पद्धत अशी आहे की तिला यंत्र लागत नाही. तो समुद्री गवत वरच्यावर कापून न खाता मुळासकट उपटतो आणि तळावर नागमोडी, अरुंद चर उमटतो. ओहोटीच्या वेळी किंवा पाणबुड्यांना हे चर स्पष्ट दिसतात. त्यांची रुंदी, संख्या आणि ताजेपणा मोजून कोणत्या कुरणात चराई चालू आहे हे ठरवता येते. ड्रोनने पाहणी केली जाते आणि मच्छीमारांकडून माहितीही गोळा केली जाते. आपल्या पाण्यात ड्युगाँग इतके विरळ झाले आहेत की टॅग लावण्यासाठी एखादा पकडण्याआधीही दहा वेळा विचार करावा लागतो, आणि रोज त्या पाण्यात जाळे टाकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांइतकी नियमित पाहणी दुसरी कोणतीच नाही. जाळ्यात सापडलेला ड्युगाँग जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारांना तमिळनाडूचा वन विभाग बक्षीस देतो, आणि सुटका कुठे झाली याची नोंद त्यानिमित्ताने आपोआप होते.